कोणते देशमुख?

माझं आडनाव देशमुख. बीड जिल्ह्यात एवढ्यावर कुणी सोडत नाही. शहागडला गोदावरी ओलांडून एसटी गेवराईत शिरेपर्यंत शेजारच्या आजोबांनी गाव विचारलं, आडनाव विचारलं आणि ते ऐकल्यावर तळहातावरची तंबाखू चोळायची थांबवली. "कोणते देशमुख? आमच्याकडं मराठ्यात हायेत, बामनात हायेत, लिंगायतात हायेत, मुसलमानातबी हायेत." शेवटच्यांच्या लग्नात तर ते जेवूनही आले होते. मी म्हटलं, "त्यातलाच एक." आजोबांना उत्तर पटलं नाही, पण तंबाखू पुन्हा सुरू झाली. वाचकांनाही एव्हाना तोच प्रश्न पडला असेल. पडू द्या.

देशमुख हा मुळात हुद्दा. परगण्याचा सारा गोळा करणारा देशमुख आणि हिशेब ठेवणारा देशपांडे. बहमनी गेले, निजामशाही बुडाली, वतनं मात्र चालत राहिली आणि ज्याला वतन मिळालं त्याचं जुनं आडनाव मागे पडलं. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुखांचं घराणं मूळचं सिद्धये, चित्पावन. पंजाबराव देशमुखांचं मूळ आडनाव कदम. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव महाडजवळच्या नाते गावचे, कायस्थ प्रभू. नानाजी देशमुख हिंगोलीतल्या कडोळीचे, देशस्थ. चौघांना एका पंगतीत बसवता येईल, सोयरीक जुळवायला मात्र त्या काळचा एकही भटजी धजला नसता. स्लोव्हेनियात आणि युक्रेनच्या जाकारपात्त्या भागात कोवाच आडनावाची घरं आहेत म्हणतात. त्यांचे पूर्वज लोहार, एवढंच त्यांचं नातं. आमचंही तसंच, फक्त ऐरणीच्या जागी वसुली.

ती वसुलीही कधीच गेली. बीड तेव्हा हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होतं. दिवाण सालारजंगांनी 1865 च्या सुमारास जिलाबंदी केली, साऱ्याचं काम सरकारी अंमलदारांकडे गेलं आणि देशमुखांच्या हाती रुसूम उरला. त्याच राज्याच्या तेलुगू भागात मात्र देशमुखांचा दरारा वाढतच राहिला. विसनूरच्या देशमुखाच्या माणसांनी 4 जुलै 1946 ला कडवेंडीत दोड्डी कोमरय्याला गोळी घातली आणि तेलंगणातला शेतकऱ्यांचा लढा पेटला. तो देशमुख रेड्डी होता. या नावाचा असाही एक वारसा आहे, तो आमच्या घरी कुणी सांगत नसे.

मांजरसुंब्याला चहासाठी उतरलो. दिवाळी सरली होती. रस्त्यावर ऊसतोडीला निघालेले ट्रॅक्टर, ट्रॉलीत भांडीकुंडी, कोंबड्या आणि आईच्या मांडीवर झोपलेली पोरं. हॉटेलातल्या बाकावर एक मुकादम उचलीचा हिशेब लावत होता. वही लांबट, लाल कापडी बांधणीची. नवराबायको मिळून एक कोयता. कोयत्यापुढे नाव, नावापुढे रक्कम. एकाच पानावर पवार, पवार, पवार. एकापुढे 'तांडा', दुसऱ्यापुढे 'पारधी वस्ती', तिसऱ्यापुढे नुसतं गाव. बंजारा पवार, पारधी पवार, मराठा पवार. ऊस तिघांनीही तोच तोडायचा. मी पाहतोय म्हटल्यावर त्यानं वही मिटली. बरोबरच होतं, दुसऱ्याचं कर्ज कुणी वाचू नये.

पुढे केजच्या वाटेवर मस्साजोग लागलं. 9 डिसेंबर 2024 ला इथल्या सरपंचांचा, संतोष देशमुखांचा, अपहरण करून खून झाला. बसमधलं बोलणं आपोआप खाली आलं. त्यानंतरच्या महिन्यांत जिल्ह्यात माणसांची मोजदाद आडनावांवरून इतकी होऊ लागली की पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी 2025 मध्ये पोलिसांच्या छातीवरच्या पाट्यांवरून आडनावच काढायला लावलं. केजच्या स्टँडवर तशी पाटी पाहिली, नुसतं पहिलं नाव. पानटपरीवाला त्या हवालदाराला चुना देता देता विचारत होता, "साहेब, गाव कोणतं तुमचं?" गाव कळलं की बाकीचं कळतं. पाटी काढण्याला माझा पाठिंबा आहे. पण टपरीवाल्याचं काय करणार?

अंबाजोगाईत आधी दासोपंतांच्या समाधीला गेलो. हेही वतनदाराच्या घरातले, नारायणपेठच्या देशपांड्यांचे. दुष्काळात वडिलांकडून सारा भरला गेला नाही म्हणून बीदरच्या बादशहानं पोराला ओलीस ठेवलं आणि दत्तानं पाडेवाराच्या वेषात रक्कम भरून सोडवलं, अशी कथा. तिथून योगेश्वरीच्या देवळात. ही कोकणस्थांची कुलदेवी, त्यामुळे पुजाऱ्यांनी नाव ऐकताच, "कोकणातून आलात का?" असं विचारलं. नाही म्हटल्यावर संकल्पासाठी पळी उचलून म्हणाले, "गोत्र?"

मी गप्प.

"ठाऊक नसलं तर काश्यप म्हणा. ते सगळ्यांना चालतं."

काश्यप म्हटलं. अभिषेक यथासांग झाला, आणि पावतीवर त्यांनी देशमुखही नीट लिहिलं.