मेंटल

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आम्ही परभणीकर छाती फुगवून सांगतो आणि ऐकणारा हसतो. हसू दे. या दोघांचा संबंध मी माझ्या उजव्या हाताच्या तर्जनीनं एकदा जोडलेला आहे आणि त्यापायी मारही खाल्लेला आहे.

साल 1968. गंगाखेडजवळच्या आमच्या खेड्यात चुलतबहिणीचं, ताईचं लग्न. गोरज मुहूर्त. गावात वीज यायची होती. मांडवाला उजेड म्हणजे भाड्यानं आणलेली एकुलती एक गॅसबत्ती, अस्सल जर्मन पेट्रोमॅक्स! दुपारी बत्तीवाल्यानं ती पेटवून पाहिली. आतली कापडी पिशवी जळून काळी झाली, मग पांढरी झाली आणि एकदम भगभगली. या पिशवीला मेंटल म्हणतात. (घरात हे नाव पुढं माझ्याकडे आलं.) त्यानं बत्ती विझवली, काच पुसायला काढली आणि तो तंबाखू मळत बसला.

कापड जळालं, तर लोंबतंय काय? मी बोट लावलं.

चिमूटभर पांढरी भुकटी! दुसरं मेंटल परभणीला.

“काय करायलास रे!” एवढंच ऐकू आलं. पुढचं गालावर उमटलं.

लोंबत होतं काय, ते कॉलेजात कळलं. ऑस्ट्रियाच्या आउअर फॉन वेल्सबाख या रसायनज्ञानं 1891 साली हे मिश्रण बसवलं: 99 टक्के थोरियमचं ऑक्साइड आणि 1 टक्का सेरियमचं. कापड त्यांच्या क्षारांत भिजवायचं. सूत जळून जातं आणि ऑक्साइडाची चिनीमातीसारखी जाळी मागं उरते. सेरियम हे ‘दुर्मिळ मृदा’ घराण्यातलं, थोरियम त्यांचा शेजारी. नुसत्या थोरियमचा उजेड मिणमिणता. वरणात हिंग पडावा तसं चिमूटभर सेरियम पडलं की काम झालं. दोघांचीही घडण एकच: धातूच्या प्रत्येक अणूभोवती आठ ऑक्सिजन, नवरदेवाभोवती करवल्यांचा गराडा असावा तसे. हे ऑक्सिजन सहजासहजी सुटत नाहीत. जळायचं ते आधीच जळून झालेलं. रॉकेलची ज्योत आणखी काय जाळणार? थोरियमचं ऑक्साइड वितळायला सुमारे 3,300 अंश लागतात, कुठल्याही ऑक्साइडापेक्षा जास्त. मात्र वाकणं त्याला ठाऊक नाही. जरा धक्का लागला की तडकतं, त्यात ही जाळी सुतासारखी बारीक. (थोरियम किरणोत्सर्गी, म्हणून नंतर अनेकांनी यिट्रियम धरलं.) यासाठीची मोनाझाइट वाळू एकेकाळी त्रावणकोरच्या किनाऱ्यावरून जर्मनीला जायची. म्हणजे वाळू आपली, बत्ती जर्मन आणि बोट परभणीचं!

लग्न कंदिलावर लागलं. अंतरपाट दूर झाला तरी नवरानवरीला एकमेकांचं तोंड धड दिसलं नाही. संसार सुखाचा झाला. त्याचं श्रेय मी घेतो.

ताईच्या वडिलांना आम्ही आप्पा म्हणायचो. त्यांनी मला शब्दानं बोललं नाही. दिवसभर ते वरपक्षाच्या धगीत उभे होते. व्याह्यांचा रुसवा, विहिणीचं लुगडं, उधारीवाला वाणी मांडवाच्या दाराशी. आप्पा हसतमुख. “होय, होय, करू की.”

पाठवणीच्या वेळी ताईनं त्यांच्या दंडाला नुसता हात लावला. आप्पा मट्कन खाली बसले, त्या विझलेल्या बत्तीशेजारी, आणि लहान पोरासारखे रडू लागले.

सगळे त्यांच्याकडे धावले. मी दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरून लांब उभा राहिलो.