डब्यावरचं चित्र

गोडादऱ्यात आमच्या लहानपणी टीव्ही गेमच्या कॅसेटवर ‘९९९९९९९ इन १’ असं छापलेलं असायचं. म्हणजे कोटीला एक कमी इतके खेळ, मुठीत मावणाऱ्या पिवळ्या प्लॅस्टिकच्या तुकड्यात. रोज एक खेळायचा म्हटलं तरी सगळे संपायला सत्तावीस हजार वर्षं लागली असती. इतकं बेधडक आश्वासन पुढे कुठल्याही बड्या कंपनीनं दिलेलं मी पाहिलं नाही. कॅसेट लावली की पडद्यावर यादी उतरायची. वरचे पाच-सहा खेळ खरे: मारिओ, कॉन्ट्रा, बंदुकीनं बदकं पाडायचा डक हंट. त्यांच्या खाली तेच खेळ दुसऱ्या नावांनी पुन्हा. कुठे मारिओ एकदम पुढच्या टप्प्यावरून सुरू व्हायचा, कुठे कॉन्ट्रातल्या शिपायाला जास्तीचे जीव मिळायचे. यादीचं दुसरं पान उलटायची तसदी कुणी घेत नसे, आणि फसवलं म्हणून कुणी दुकानात भांडायलाही गेलं नाही. दुकानदारानं कॅसेट आपल्याच टीव्हीला लावून दाखवलेली असे. पैसे द्यायच्या आधी मारिओ उडी मारताना आपण डोळ्यांनी पाहिलेला असायचा. मग वर नऊ किती छापलेत, याला महत्त्व उरत नसे.

निन्टेन्डोनं १९८३ साली जपानमध्ये फॅमिकॉम नावाचं यंत्र काढलं. त्याच्या नकला वर्षानुवर्षं बनत राहिल्या. त्या आपल्याकडे लिटिल मास्टर आणि आणखी कसल्या कसल्या नावांनी यायच्या आणि सुरतेच्या आग्नेय कडेपर्यंत पोचायच्या. लिंबायत, डिंडोली, पर्वत पाटिया यांच्या शेजारचं आमचं गोडादरा तेव्हा अर्धं शेत होतं, अर्धी सोसायटी. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून लूमवर कामाला आलेली माणसं, घरात अहिराणी, खात्यावर म्हणजे लूमच्या कारखान्यात हिंदी, दुकानात गुजराती. ज्याच्या घरी गेम, त्याच्या घरी सगळी गल्ली. कॅसेट अडली की तिच्या दातांवर फुंकर मारायची. अडॅप्टरला अधूनमधून हात लावून बघायचं, तापला की सुट्टी. वडील रात्रपाळी करून आलेले, त्याच खोलीत तोंडावर टॉवेल टाकून झोपलेले असत. त्यामुळे आवाज पूर्ण बंद. कॉन्ट्राला इतकं झकास संगीत आहे, हे मला कळलं तेव्हा मी नोकरीला लागलो होतो.

एकदा आजी गावाहून आली. तिनं पडद्यावरच्या मिशाळ प्लंबरकडे, म्हणजे मारिओकडे, बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “हाई काय शे?” आम्हाला सांगता आलं नाही. तिला कुणी जाहिरातही दाखवली नव्हती.

गेमच्या या वस्तूला केवढ्या मोठमोठ्या शब्दांत गुंडाळून विकतात, ते मी पुढे वाचलं. २००५ मध्ये, प्लेस्टेशन ३ बाजारात यायच्या आधी, सोनीच्या गेम विभागाचे प्रमुख केन कुटारागी म्हणाले होते की लोकांना वाटलं पाहिजे, आपण आणखी काही तास जास्त काम करू, पण हे यंत्र घेऊच. लूमच्या खात्यात पाळी बारा तासांची. त्यात आणखी तास घालायचे तर झोपेतूनच काढावे लागले असते. अर्थात कुटारागी आमच्या वडिलांशी बोलत नव्हते. आणि मला त्या माणसाचा राग येत नाही. तो मुळात इंजिनीअर. निन्टेन्डोच्या सुपर फॅमिकॉमची आवाजाची चिप त्यानंच बनवलेली. ज्यानं वस्तू स्वतःच्या हातानं घडवली, त्याच्या बढाईत थोडं बापाचं कौतुक मिसळलेलं असतं. त्याच्यानंतर जे व्यासपीठावर येतात त्यांची बढाई मात्र वेगळी. त्यांनी वस्तू उघडूनसुद्धा पाहिलेली नसते.

त्याच २००५ साली लॉस एंजेलिसच्या ई-थ्री मेळ्यात सोनीनं ‘किलझोन’ या खेळाच्या पुढच्या भागाची झलक दाखवली. धूर आणि सैनिकांचे चेहरे. बघणारे थक्क झाले. हे प्रत्यक्ष यंत्रावर चाललेलं आहे, असंच लोकांनी समजावं, अशी ती मांडणी होती. नंतर उघड झालं की तो आधीच चितारून ठेवलेला चित्रपट होता. खेळ आला २००९ च्या फेब्रुवारीत, आणि खरं सांगायचं तर चांगला निघाला. पण यंत्र नोव्हेंबर २००६ मध्येच विकायला ठेवलेलं. झलक पाहून ज्यांनी ते घेतलं, त्यांनी सव्वादोन वर्षं नुसती वाट पाहिली.

मला सगळ्यात गमतीची वाटते ती थरथरण्याची गोष्ट. गोळी लागली की हातातला रिमोट थरथरतो, ही सोय प्लेस्टेशनवर आधीपासून होती. प्लेस्टेशन ३ मधून ती गायब झाली. कंपनीनं कारण दिलं की नव्या रिमोटला हालचाल कळते, आणि थरथर त्यात व्यत्यय आणते. सोनीचे फिल हॅरिसन तर म्हणाले की थरथर ही मागच्या पिढीची गोष्ट झाली. या सगळ्याच्या मागे एक खटला होता. इमर्शन नावाच्या अमेरिकी कंपनीनं याच तंत्रावर पेटंटचा हक्क सांगितला होता, आणि २००४ मध्ये ज्युरीनं सोनीच्या विरुद्ध कौल दिला होता. मार्च २००७ मध्ये दोघांची तडजोड झाली. त्याच वर्षी सोनीनं नवा रिमोट जाहीर केला. हालचाल कळणारा, आणि थरथरणारा. मागची पिढी काही महिन्यांत पुढची झाली. खटला चालू आहे म्हणून सध्या देता येत नाही, इतकं साधं वाक्य बोलायला कोट्यवधींच्या प्रसिद्धी खात्याला जमू नये, याचं नवल वाटतं.

भारतात हे सगळं जरा उशिरा आणि सिनेमाच्या रंगात पोचलं. मायक्रोसॉफ्टनं २००६ मध्ये एक्सबॉक्स ३६० आणला तो अक्षयकुमार आणि युवराजसिंग यांना घेऊन. युवराजच्या नावाचा क्रिकेटचा खेळही निघाला. तोच खेळ इंग्लंडमध्ये ब्रायन लाराच्या नावावर आणि ऑस्ट्रेलियात रिकी पाँटिंगच्या नावावर विकला गेला होता. प्लेस्टेशन ३ पुढच्या वर्षी आपल्याकडे आला, ३९,९९० रुपयांना. आमच्या गल्लीत त्या वर्षी त्याच्याबद्दल कुणी बोलल्याचंही मला आठवत नाही. गल्लीत तेव्हा एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर कोण लागलं आणि कोणाची लूम बंद पडली, याच बातम्या.

माझा थोरला भाऊ रिंग रोडच्या कापड मार्केटमध्ये साडीच्या दुकानात आहे. एक खेळ आणि तीन देशांत तीन नावं, हे ऐकून त्याला काहीच वाटलं नाही. त्याच्या दुकानात एकाच मालाला उत्तरेच्या व्यापाऱ्यासाठी एक नाव असतं आणि दक्षिणेच्या व्यापाऱ्यासाठी दुसरं. साडीचा कॅटलॉग कसा बनतो, हे मी तिथं बसून पाहिलंय. मॉडेल एक, साडी एक, मागे राजवाड्याचा खांब. फोटो निघतो एका रंगाचा, उरलेले रंग कॉम्प्युटरवर चढतात. प्रत्यक्षातली साडी तेव्हा कुठल्या तरी मिलमध्ये रंगायची असते. लेस लावायला, धागा कटिंगला, स्टोन चिकटवायला ती आमच्याच गोडादऱ्यातल्या बायकांच्या ओट्यावर यायची असते. कॅटलॉगच्या मागच्या पानावर तळाशी मुंगीच्या अक्षरात लिहिलेलं असतं, की प्रत्यक्ष रंगात फरक असू शकतो. गेमच्या झलकेखालीही पडद्याच्या कोपऱ्यात असंच एक वाक्य येतं आणि वाचायच्या आत जातं.

इथवर दोन्ही धंदे सारखे. पुढे मात्र वाट बदलते, आणि मला वाटतं सगळी मेख तिथंच आहे. सुरतेच्या मार्केटमध्ये माल आधी जातो, पैसे मागून येतात. आडतिया ऑर्डर लावतो, पार्सल ट्रान्सपोर्टला पडतं, आणि पैसे धाऱ्यानं, महिन्या-दोन महिन्यांनी, कधी त्याहून उशिरा. तोवर साडी दुकानात उलगडलेली असते, गिऱ्हाइकानं ती हातात घेऊन पाहिलेली असते, एखादीनं धुऊनही पाहिलेली असते. फोटोत आणि कापडात फार अंतर पडलं की माल परत येतो. त्याला मार्केटमध्ये नुसतं आरजी म्हणतात, आणि त्या दोन अक्षरांनी शेठजींचा रक्तदाब वाढतो. म्हणून कॅटलॉग कितीही खोटा असला तरी त्याला एक लगाम असतो. फुगवलेल्या फोटोचा भुर्दंड फुगवणाऱ्यावरच पडतो. हा काही साधुसंतांचा बाजार आहे असं नाही. उलट्या बाजूनं इथंही बुडवाबुडवी चालते. माल उचलून पार्टी रातोरात उठमणं करते, म्हणजे पैसे बुडवून पसार होते, आणि मग दुकानासमोर घोळका जमतो. पण आश्वासन आणि पडताळा यांच्यामधले दिवस इथं विकणाऱ्याच्या खिशातून जातात.

गेमच्या धंद्यानं हे दिवस गिऱ्हाइकाच्या खात्यावर टाकले. आगाऊ नोंदणी करा, पैसे आज द्या, खेळ पुढच्या वर्षी. डिसेंबर २०२० मध्ये ‘सायबरपंक २०७७’ आला तेव्हा ८० लाख लोकांनी तो आधीच घेऊन ठेवला होता. जुन्या यंत्रांवरही खेळ आश्चर्य वाटावं इतका छान चालतो, असं खेळ बनवणाऱ्या पोलंडच्या कंपनीनं आदल्याच महिन्यात गुंतवणूकदारांना सांगितलेलं. परीक्षण करणाऱ्यांना मात्र आधी कॉम्प्युटरवरची आवृत्तीच दिली गेली. जुन्या यंत्रांवर माणसं हवेत तरंगत होती, गाड्या रस्त्यात रुतत होत्या, खेळ मधेच बंद पडत होता. आठवडाभरातच सोनीनं तो आपल्या दुकानातून काढला आणि पैसे परत द्यायला सुरुवात केली. भावाला हे सांगितलं तर तो म्हणाला, “म्हणजे आरजी आली.” आली, पण ती अपवाद म्हणून. असाच अपवाद २००७ मध्ये झाला होता. एक्सबॉक्स ३६० धडाधड बंद पडायला लागले, आणि मायक्रोसॉफ्टला वॉरंटी तीन वर्षांची करून एक अब्ज डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढावी लागली.

उलट काही वेळा विकून झालेली वस्तूच परत घेतली जाते. प्लेस्टेशन ३ वर लिनक्स टाकून त्याचा कॉम्प्युटर करता येत असे. यंत्र विकताना ती गोष्ट मिरवली गेली होती. १ एप्रिल २०१० ला एका अपडेटनं ती सोय काढून टाकली. अपडेट नको म्हणावं तर ऑनलाइन खेळणं बंद. त्याच वर्षी अमेरिकेच्या हवाई दलानं सतराशेहून जास्त प्लेस्टेशन ३ एकमेकांना जोडून महासंगणक उभा केला होता, याच सोयीच्या भरवशावर. सामान्य गिऱ्हाइकांनी खटला भरला. तडजोड व्हायला कित्येक वर्षं गेली, आणि हाती आली ती चिल्लर. विकलेल्या साडीचा पदर दुकानदारानं घरी येऊन कापून न्यावा, यावर भावाचा विश्वासच बसेना.

२०१३ ची गोष्ट सांगितली तेव्हा मात्र तो हसला. मायक्रोसॉफ्टनं एक्सबॉक्स वन जाहीर केला आणि सोबत अटी आल्या. यंत्रानं दिवसातून एकदा इंटरनेटला हजेरी लावायची. घेतलेला खेळ मित्राला द्यायचा तर त्यालाही नियम. ज्यांच्याकडे इंटरनेट नाही त्यांचं काय, असं विचारल्यावर एक्सबॉक्स विभागाचे प्रमुख डॉन मॅट्रिक यांनी उत्तर दिलं की त्यांच्यासाठी आमचा जुना एक्सबॉक्स ३६० आहे की. सोनीनं ही संधी सोडली नाही. अर्ध्या मिनिटाचाही नसलेला एक व्हिडिओ त्यांनी काढला. एक माणूस दुसऱ्याच्या हातात खेळाची डबी देतो, दुसरा आभार मानतो, संपलं. जगभरात टाळ्या पडल्या. महिन्याभरात मायक्रोसॉफ्टनं अटी मागे घेतल्या. आता गोडादऱ्याच्या डोळ्यांनी बघा. एक पोरगं कॅसेट देतं, दुसरं घेतं, हा क्रांतिकारक शोध म्हणून मिरवायची वेळ त्या धंद्यावर आली होती. आमच्याकडे तर कॅसेट कुणाची हेच पुढे विसरलं जायचं आणि त्यावरून आया भांडायच्या.

निव्वळ ठगांबद्दल फार सांगत नाही. ‘फँटम’ नावाचं यंत्र २००३ मध्ये गाजावाजा करून जाहीर झालं, ते कधी आलंच नाही. कंपनीनं शेवटी मांडीवर ठेवायचा एक कीबोर्ड तेवढा विकला. २०१६ मधल्या ‘कोलेको कमेलिअन’ची कथा त्याहून सरस. नमुना म्हणून दाखवलेल्या डब्यात दुसऱ्याच कंपनीचं जुनं यंत्र बसवलंय, असा लोकांना संशय आला. मग बनवणाऱ्यांनी पारदर्शक डब्याचा फोटो टाकला, की बघा आतलं सगळं. लोकांनी फोटो मोठा करून पाहिला. आत व्हिडिओ रेकॉर्ड करायचं जुनं कार्ड होतं. दुसऱ्या महिन्यात कोलेकोनं आपलं नाव काढून घेतलं. पारदर्शक डबा स्वतःहून देणारा चोर विरळाच.

माझा पुतण्या एम्ब्रॉयडरीचं पंचिंग करतो. कॉम्प्युटरवर डिझाइन टाके-टाके करून भरायचं आणि मशीनला द्यायचं, असं ते काम. प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला आला, जगाच्या दोन-अडीच महिने मागून, ४९,९९० रुपयांना, आणि आगाऊ नोंदणी काही मिनिटांत संपायची. वर्षं गेली तशी किंमत उतरायच्या ऐवजी चढली. पोरगं बिचारं झलकी बघून बघून कासावीस. एका संध्याकाळी भावानं त्याचा मोबाइल हातात घेतला, झलक चालू केली, मधेच थांबवली, चष्मा वर करून कोपऱ्यातलं बारीक अक्षर शोधलं आणि म्हणाला, “हे तर आमचंच वाक्य आहे.”

शेवटी दोघं उधन्यात जाऊन जुना प्लेस्टेशन ४ बघून आले, आणि दुसऱ्यांदा गेले तेव्हा मलाही नेलं. भावानं दुकानातच तो टीव्हीला जोडायला लावला. दोन्ही रिमोटची सगळी बटणं दाबून पाहिली, डिस्क तीनदा आत-बाहेर केली, मागचा पंखा कानाशी धरून ऐकला. दुकानदार खेळ किती भारी आहेत ते सांगत होता, तर भाऊ म्हणाला, “ते राहू द्या शेठ, वटाव किती ते सांगा.” पाचशे सुटले. मग त्यानं एक जास्तीची केबल मागितली.