काकाकुवा, खंड्या आणि मोडकी फांदी

ऑस्ट्रेलियात पोचल्यावर मी मोठ्या ऐटीत पहिला फोटो काढला, तो कोणाचा असेल? कांगारूचा? छे! साळुंकीचा!

सिडनीच्या एका उपनगरात माझा भाऊ राहतो. सकाळी त्याच्या अंगणात आलो, तर पिवळ्या चोचीची साळुंकी तुरुतुरु चालत होती. परमुलुखात गावाकडचं माणूस भेटावं तसं वाटलं. पण कुंपणापलीकडच्या आजीबाई हसून म्हणाल्या, "तिचा कशाला काढतोस? ती आमची नव्हे, तुमच्याकडची!"

खरंच होतं ते. भाजीच्या मळ्यांतले किडे खातील म्हणून १८६२ साली मेलबर्नला साळुंक्या आणून सोडल्या. त्यांनी किड्यांबरोबर झाडांच्या ढोल्याही बळकावल्या. तिकडच्या नीलगिरीला चांगली मोठी ढोली पडायला शंभराहून अधिक वर्षं लागतात, आणि तिथले पोपट अशाच ढोल्यांत अंडी घालतात. म्हणजे आपली साळुंकी तिथे चक्क घुसखोर!

मग ठरवलं, फोटो काढायचे ते मूळ रहिवाशांचेच. गंमत अशी, की त्यासाठी जंगलात जावंच लागत नाही. पहाटे 'हूऽहूऽ हाहाहा' असं कुणीतरी खदखदून हसतं, तो असतो कुकाबरा. आपल्या खंड्याचा हा थोरला चुलतभाऊ, पण माशांपेक्षा याला सरडे आणि किडे प्रिय. तारेवर बसून खाली टक लावून बघत राहतो, त्यामुळे नवशिक्यालाही त्याचा फोटो जमतो. परसात मांस भाजायला घेतलं, तर मात्र डोळ्यांदेखत तुकडा पळवील!

आणि काकाकुवा? पांढराशुभ्र, डोक्यावर पिवळा तुरा. आपल्याकडे तो पिंजऱ्यात दिसतो, तिकडे कचऱ्याच्या डब्यावर! चाकं असलेल्या मोठ्या डब्याचं झाकण तो चोचीने उचलतो, ते धरून डब्याच्या काठावरून बिजागरीकडे सरकत जातो आणि धाडकन उलटं टाकतो. २०१८ पूर्वी सिडनी परिसरातल्या फक्त ३ उपनगरांतून असं घडल्याचं कळलं होतं. २०१९ अखेर ती संख्या ४४ झाली! एकाचं बघून दुसरा शिकतो, हे शास्त्रज्ञांनी २०२१ साली दाखवून दिलं. लोकांनी झाकणावर विटा ठेवल्या, तर काही पठ्ठे विटाही ढकलायला शिकले. आता सांगा, हुशार कोण?

याचा फोटो काढायला मी तीन सकाळी घालवल्या. पहिल्या दिवशी ऊन चढल्यावर गेलो, तर फोटोत पक्षी कुठला, नुसता पांढरा ठिपका! पांढऱ्या पिसांवर ऊन पडलं, की त्यांतल्या रेघा पुसल्याच जातात. म्हणून अगदी सकाळी जायचं आणि कॅमेऱ्यात उजेड थोडा कमीच घ्यायचा. मी मोटारीत बसून काच खाली केली. काकाकुवा मोटारीला बुजत नाही. पाव टाकून त्याला जवळ बोलवायचा मोह होतो खरा, पण टाकू नका. पावाने त्याचं पोट बिघडतं, आणि एकदा चटक लागली की तो दारं-खिडक्याही कुरतडायला कमी करत नाही.

मी गेलो ते सप्टेंबरात. आपल्याकडे गणपतीचे दिवस, तिकडे वसंत! पक्ष्यांची घरटी बांधायची वेळ. काळा-पांढरा मॅगपाय तेव्हा घरट्याजवळून जाणाऱ्याच्या डोक्यावर झेप घेतो. सगळेच नर तसं करत नाहीत, पण जो करतो तो माणसांचे चेहरेही लक्षात ठेवतो म्हणे! माझी टोपी दोनदा उडाली. तिसऱ्या दिवसापासून मी रस्ताच बदलला.

जाता जाता आजीबाईंनी मला बागेतलं एक झाड दाखवलं. "तिथे बघ." मला दिसली एक मोडकी फांदी. बराच वेळ पाहिल्यावर तिला पिसं असल्याचं कळलं! तो होता टॉनी फ्रॉगमाउथ. दिसतो घुबडासारखा, पण नातं जवळचं आपल्या रातव्याशी. चार काटक्यांच्या घरट्यावर नर दिवसा अंडी उबवत बसतो. मी दबकत पुढे सरकलो. त्याने मान सरळ वर ताणली, डोळे बारीक केले. वा, काय ऐट! मी कॅमेरा उचलला.

"ऐट नव्हे ती," आजीबाई हळूच म्हणाल्या, "घाबरलाय तो."

मी मागे आलो. पाच पावलं, दहा पावलं, वीस पावलं. तेव्हा कुठे त्याची मान खाली आली आणि तो पुन्हा गुबगुबीत झाला. तिथूनच एक फोटो काढला आणि निघालो. तो आजही आमच्या अल्बममध्ये आहे. पाहुणे तो उलटसुलट करून बघतात आणि विचारतात, "यात पक्षी कुठाय?"