लेकीची लेन्स

आमच्या तळवलीत मगरिबनंतर दिव्यांखाली मुलींची कबड्डी चालते. आमची लेक फोटो काढते, पण चढाई करणारीचे हातपाय पुसट येत. दुकानदाराने ७०-२०० ची एफ २.८ लेन्स दाखवली. किंमत लाखाच्या पुढे. "हप्त्यांवर न्या," म्हणाला. हप्त्यात व्याज होतं. आम्ही नको म्हटलं. लेकीचा चेहरा उतरला.

मग घरी बसून हिशेब मांडला. तिची जुनी लेन्स झूम केल्यावर एफ ५.६ वर अडते, २.८ म्हणजे चौपट प्रकाश. १/१२५ सेकंदाऐवजी १/५०० मिळतो, तेव्हा धावता पाय स्पष्ट येतो. लेन्समधलं स्टॅबिलायझर आपला हात सावरतं, खेळाडूचा पाय नाही. क्रिकेटला लांब पल्ल्याची लेन्स हवीच. पण मुलींचं कबड्डीचं मैदान १२ बाय ८ मीटरचं. रेषेजवळ बसलं तर ८५ मिलिमीटर, एफ १.८ पुरते, आणि प्रकाश २.८ च्या दुपटीहून जास्त. सेकंडहँड मिळाली, रोखीने, बचतीतून.

परवा एकीचा मधल्या रेषेला टेकलेला हात लख्ख आला. सामना पाहायला कधीच न आलेल्या तिच्या अब्बांनी तो फोटो मागून नेला.