गोड बोलण्याचा अभ्यासक्रम नव्हे

जनसंपर्क म्हटले, की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पाहुण्यांना पुष्पगुच्छ देणारी हसतमुख तरुणी उभी राहते. आमच्या घरीही तेच झाले. पस्तिसाव्या वर्षी मी जाहिरात आणि जनसंपर्क या विषयात एम.ए. करायचे ठरवले, तेव्हा दीर हसून म्हणाले, ''वहिनी, गोड बोलायला शिकण्यासाठी दोन वर्षे कशाला घालवता?'' सासूबाईंची काळजी वेगळीच होती. मुलांचे डबे कोण करणार?

लग्नानंतर मी भोपाळला आले. माखनलाल चतुर्वेदींच्या नावाचे पत्रकारिता विद्यापीठ याच शहरात आहे. पदवी कोणत्याही शाखेची चालते, त्यामुळे माझी जुनी बी.कॉम. उपयोगी पडली. वर्गातली मुले बावीस-तेवीस वर्षांची. सुरुवातीला तर मला प्राध्यापिका समजून ती उठून उभी राहायची.

गोड बोलणे तिथे कुणीच शिकवले नाही. शिकवले ते प्रसिद्धिपत्रक लिहिणे, वृत्तपत्र, रेडिओ व दूरदर्शनसाठी एकच माहिती वेगवेगळी मांडणे, खर्चाचा आराखडा करणे आणि लोकांचे मत पाहणीतून जाणून घेणे. १९०६ साली अमेरिकेत रेल्वेचा अपघात झाला, तेव्हा आयव्ही ली यांनी तो न दडवता वार्ताहरांपुढे निवेदन ठेवले. आधुनिक जनसंपर्काची सुरुवात सांगताना हे उदाहरण हमखास देतात.

आणखी दोन उदाहरणे मनात घर करून राहिली. १९८२ साली शिकागोत टायलेनॉल या गोळ्यांमध्ये कुणीतरी विष मिसळले आणि सात जणांचा जीव गेला. कंपनीने लोकांना तातडीने सावध केले आणि देशभरातून सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या.

दुसरे उदाहरण आमच्याच शहराचे. कारखान्यातील धोक्याबद्दल राजकुमार केसवानी हे पत्रकार १९८२ पासून आपल्या छोट्याशा साप्ताहिकातून लिहीत होते. कुणी लक्ष दिले नाही. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. तोंडावर ओले फडके धरा, एवढी साधी सूचनाही शेजारच्या वस्त्यांना आधी कुणी दिलेली नव्हती. हजारो माणसे मेली. माहिती ही शोभेची वस्तू नसून ती जीव वाचवते, हे मला त्या दिवशी वर्गात कळले.

त्याची परीक्षा लवकरच झाली. प्रशिक्षणासाठी मी एका खासगी कारखान्याच्या जनसंपर्क विभागात होते. एके दिवशी वाफेची नळी फुटून दोन कामगार भाजले. साहेबांनी मला प्रसिद्धिपत्रक लिहायला सांगितले आणि वर म्हणाले, ''किरकोळ बिघाड, कुणालाही इजा नाही, एवढेच लिहा.'' प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र त्यांच्याच सहीने मिळणार होते आणि त्याशिवाय एम.ए. पूर्ण होणार नव्हते.

मी विचार करायला एक दिवस मागून घेतला. रात्री घरी हे सांगितल्यावर पती म्हणाले, ''दोन वर्षांची मेहनत आहे, नीट विचार कर.'' त्यांचे चूक नव्हते. पण सासूबाई शांतपणे म्हणाल्या, ''खरे असेल तेच लिही. वेळेवर सांगितले नाही तर काय होते, ते या शहराने पाहिले आहे.''

दुसऱ्या दिवशी मी दोन्ही कामगार भाजल्याचे आणि ते रुग्णालयात असल्याचे लिहून दिले. साहेबांनी कागद बाजूला सारला आणि पत्रक दुसऱ्याकडून लिहून घेतले. प्रमाणपत्र मिळाले, पण त्यात कौतुकाचा एक शब्दही नव्हता. तोंडी परीक्षेत मात्र परीक्षकांनी सर्वाधिक वेळ त्याच प्रसंगावर प्रश्न विचारले.

आज मी एका रक्तपेढीचे जनसंपर्काचे काम पाहते. रक्त कमी पडले, की 'कमी पडले आहे' असे स्पष्ट लिहिते आणि लोक धावून येतात.

ज्या मैत्रिणींना हा अभ्यासक्रम करावासा वाटतो, त्यांनी वयाची चिंता करू नये. भाषा चांगली हवी, रोज वर्तमानपत्र वाचण्याची सवय हवी आणि नकोसे सत्यही नीट शब्दांत मांडण्याची हिंमत हवी. पहिल्या दोन गोष्टी वर्गात शिकता येतात. तिसरीसाठी घरच्यांची साथ लागते. मला ती मिळाली, आणि त्या दोन वर्षांत मुलांचे डबेही सासूबाईंनीच केले.