१०४ ताप, ४० ऊन

नागपुरात ऊन मोजतात सेल्सिअसमध्ये आणि अंगातला ताप फॅरनहाइटमध्ये. मे महिन्यात पारा ४० वर थांबला तर ‘आज जरा बरं आहे’ म्हणणारी माणसं घरात कुणाला १०४ ताप भरला की डॉक्टरांकडे धावतात. तापमान मात्र दोन्हीकडे एकच.

आठवीत जाणाऱ्या माझ्या भाचीला हे पटेना. नवतपा चालू होता. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. तरी बालभारतीचं नवं पुस्तक घरात आलं होतं आणि त्यातलं एकचल समीकरणांचं प्रकरण तिने आधीच उघडलं होतं. कूलरच्या घरघरीत तिने वहीवर सूत्र लिहिलं: फॅ = ९/५ से + ३२.

१०४ ला तिने थेट ५/९ ने गुणलं आणि मग ३२ वजा केले. उत्तर आलं पंचवीस पूर्णांक सात नवमांश. ‘आजी, तुला १०४ ताप आला ना, तरी तू गारच राहशील!’

गुणाकार बिनचूक होता, क्रम उलटा. सूत्रात आधी ९/५ ने गुणलंय, मग ३२ मिळवलेत. परतताना शेवटी मिळवलेलं आधी काढायचं. १०४ − ३२ = ७२, आणि ७२ × ५/९ = ४०. ‘बाजू बदलली की चिन्ह बदलतं’ हे पाठ करून घेतल्यानेच मुलं इथे फसतात, असं माझं मत आहे. संख्या कुठेही जात नाही, दोन्ही बाजूंतून ३२ वजा होतात. भाचीने ४० पुन्हा सूत्रात घालून ताळा केला: ७२ + ३२ = १०४.

‘पण मामा, ९/५ च का?’

पाणी गोठतं ० किंवा ३२ वर, उकळतं १०० किंवा २१२ वर. मधलं अंतर एकीकडे १०० अंश, दुसरीकडे १८०. त्यांचं गुणोत्तर ९/५.

मग तिला चेव आला. ३० मे २०२४ ला नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले होते. फॅरनहाइटमध्ये १३२.८! आकडेमोड बरोबर, पण मूळ आकडाच खोटा. संवेदक बिघडल्याचं हवामान खात्याने नंतर सांगितलं.

शेवटचा प्रश्नही तिचाच: दोन्ही मापं एकाच आकड्यावर कधी येतील? क्ष = ९/५ क्ष + ३२. क्ष एका बाजूला गोळा केल्यावर −४/५ क्ष = ३२ उरलं. तिने दोन्ही बाजूंना −५/४ ने गुणलं. उणे ४०.

कूलरसमोरची खुर्ची न सोडता आजीने विचारलं, ‘आपल्याकडे कधी होते ते?’