आज किती?

उन्हाळ्यात आमच्या दोंडाईच्यात दोन माणसे रस्त्यात भेटली, की पहिला प्रश्न 'कसे आहात?' असा नसतो, 'आज किती?' असा असतो. किती म्हणजे पारा किती. चाळिशी ओलांडलेला पारा हा आमच्याकडे घरातल्याच माणसासारखा. त्याच्याविषयी कुणी तक्रार करीत नाही, नुसती चौकशी करतात.

गेल्या वर्षी मे महिन्यातल्या एका दुपारी शेजारच्या भाऊंनी ओट्यावरून मला हाक मारली, "सर, आज किती?" मी माझ्याच नादात होतो. म्हणालो, "छपन्न!" भाऊंचा चेहरा उतरला. ते मुकाट्याने आत गेले आणि त्यांच्या घराच्या खिडक्या एकामागून एक बंद झाल्याचे मला ऐकू आले. मी सांगितलेला आकडा गावाचा नसून माझ्या कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कचा होता, हे संध्याकाळी त्यांना समजले. तेव्हापासून ते माझ्याकडे जरा काळजीने पाहतात.

माणसाला म्हातारपणी कशाचा नाद लागेल याचा नेम नाही. शाळेतून निवृत्त झाल्यावर कुणी भजनी मंडळात जातो, कुणी गुलाब लावतो. मी हार्ड डिस्कचा ताप पाहू लागलो. पण माझ्या या नादाला एक कारण होते, आणि ते कारण माजघरात बसून सुपारी कातरत होते.

माझी आई आज शहाऐंशी वर्षांची आहे. जात्यावरच्या ओव्या, आखाजीची गाणी, श्रावणात कानबाई बसते तेव्हाची गाणी, सारे तिला अहिराणीत पाठ. पाठ म्हणजे कुठे लिहिलेले नाही. तिच्यापाशी आहे, बस्स. आमच्या खानदेशाला याचा एक मोठा धडा मिळालेला आहे. बहिणाबाई चौधरी यांना लिहिता येत नव्हते. त्यांची गाणी घरातल्या माणसांनी ऐकून कागदावर उतरून घेतली, म्हणून राहिली. १९५१ साली त्या गेल्या आणि १९५२ साली त्यांचे पुस्तक निघाले. कुणी उतरून घेतलेच नसते तर? आईची गाणी काही त्या तोडीची नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण ती माझ्या आईची आहेत, आणि मला कागदावर शब्दच नव्हे, तर तिचा आवाजही हवा होता.

म्हणून मी माईक आणला, कॉम्प्युटरला जोडला आणि आईला समोर बसवले. तिने एक ओळ म्हटली, थांबली आणि कॉम्प्युटरकडे पाहू लागली.

"काय झाले?" मी विचारले.

"आधी त्यानं गानं सरू दे, मंग मी म्हनसू," ती म्हणाली.

मी कान दिला. खरेच, तो गात होता! हार्ड डिस्कच्या पोटात चकचकीत चकत्या असतात. त्या मिनिटाला ७२०० वेळा, म्हणजे सेकंदाला १२० वेळा फिरतात. त्या फिरण्याचा कंप स्क्रूमधून पत्र्याच्या कॅबिनेटला मिळतो आणि पत्रा घुमू लागतो. माझ्या कॅबिनेटमध्ये दोन डिस्का होत्या. दोघींच्या गतीत केसाइतका फरक असावा. त्यामुळे तो सूर मधूनच भरे, मधूनच ओसरे. जवारी बिघडलेला तंबोराच जणू! त्यावर पंख्यांची घरघर वेगळी. आईची गाणी हळू आवाजातली, पहाटे घरातली माणसे उठू नयेत अशा बेताने म्हणायची. ती या संगतीला कशी टिकणार?

मी पुण्याला भाच्याला फोन केला. आठ दिवसांत एक मोठे खोके आले. आत नवे कॅबिनेट: आतून जाड स्पंजाचे अस्तर, दार घट्ट बसणारे, वरची भोकेसुद्धा झाकलेली. कॉम्प्युटर त्यात हलवला आणि सुरू केला. चालू आहे की नाही, हे दिवा पाहूनच समजावे इतकी शांतता! आईने त्या दिवशी चार ओव्या म्हटल्या. मी मनात भाच्याला आशीर्वाद दिले.

हे फाल्गुनात झाले. वैशाख उजाडला आणि आशीर्वाद परत घेण्याची वेळ आली. हार्ड डिस्क आपला ताप आपणच मोजते आणि विचारले तर सांगते. जुन्या कॅबिनेटमध्ये तिने कधी पन्नास ओलांडली नव्हती. नव्यात तिने छपन्न सांगितले. डिस्क बनवणारे साधारणपणे साठ ही वरची मर्यादा सांगतात. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून आम्ही ज्या वाटा बुजवल्या, त्याच उष्णतेच्या बाहेर जाण्याच्या वाटा होत्या. शांतता आणि गारवा यांचे दार एकच निघाले, आणि आम्ही ते लावून घेतले होते.

भाच्याने फोनवर नवा उपाय सुचवला. "मामा, परदेशातले हौशी लोक डिस्क स्क्रूने आवळत नाहीत, इलॅस्टिकवर टांगून ठेवतात. कंप पत्र्यापर्यंत पोचतच नाही." मी शिवणकामाच्या डब्यातून परकराला घालायचे इलॅस्टिक काढले आणि दोन्ही डिस्का कॅबिनेटमध्ये लोंबत्या निजवल्या. आई पाहत होती. "झोका दे आता," ती म्हणाली.

आवाज अगदीच गेला. पण ताप? अठ्ठावन्न! मी चक्रावलो. आणि मग स्वतःचीच लाज वाटली. तीस वर्षे मी मुलांना वहन, अभिसरण आणि प्रारण शिकवले. डिस्कची उष्णता स्क्रूंमधून पत्र्यात जात होती. तो पत्राच तिचा गारवा होता. मी तिला रबरावर टांगले, कंपाबरोबर उष्णतेचीही वाट तोडली, आणि भोवती हवा तर हलत नव्हती. तीन मार्गांपैकी दोन मी माझ्या हाताने बंद केले होते. परीक्षेत एखाद्या मुलाने असे उत्तर लिहिले असते, तर मी त्याला उभे केले असते.

कॅबिनेट उघडून मी कपाळाला हात लावून बसलो होतो. आई शेजारी येऊन बसली. आमचे जुने घर धाब्याचे होते, मातीच्या जाड भिंतींचे. ती त्या घरात नांदायला आलेली. तिने कॅबिनेटला चारी बाजूंनी हात लावून पाहिला आणि विचारले, याचा झरोका कुठे आहे? धाब्याला वर एक भोक ठेवलेले असे. पावसाळ्यात त्यावर मडके पालथे घालीत. खालच्या दारातून गार हवा यायची आणि तापलेली हवा त्या भोकातून वर जायची. वरचा झरोका बंद असला तर खालचे दार सताड उघडे ठेवूनही वारा येत नसे. हे तिला कुणी शिकवले नव्हते. चुलीच्या धुराने शिकवले होते.

कॅबिनेटच्या माथ्यावरचे एक झाकण काढता येते, हे मला त्या दिवशी कळले. ते काढले. खाली, डिस्कांच्या अगदी समोर, वीतभर रुंदीचा एक मोठा पंखा बसवला आणि त्याचा वेग इतका कमी केला, की पाती डोळ्यांना जवळजवळ मोजता यावीत. पंख्याचा वेग निम्मा केला तर वारा निम्मा होतो. आवाज मात्र निम्म्याहून किती तरी खाली उतरतो. आणि डिस्कला काही वादळ लागत नाही. ती सात-आठ वॉटची बाई. अंगावरून झुळूक गेली तरी तिचे भागते. फक्त ती झुळूक तिच्या अंगावरूनच गेली पाहिजे, म्हणून आजूबाजूच्या फटी मी पुठ्ठ्याने बुजवल्या. ताप सत्तेचाळीसवर आला. खोलीतच चाळीस असताना यापेक्षा फारसे खाली जाणे नाही. पंखा हवा हलवतो, गार करीत नाही. ज्या थंड मुलखात हे उपाय निघाले, तिथे खोलीतच वीस-बावीस असतात. त्यांना सुरुवातीलाच अठरा-वीस अंशांची सवलत!

मध्ये एक घोटाळा झाला. दोंडाईचा मिरचीच्या बाजाराचे गाव. गल्लीत कुणी ना कुणी तिखट कुटीत असते आणि ती धूळ पंखा आत ओढतो. एकदा कॅबिनेट उघडले आणि मला सलग अकरा शिंका आल्या. मी पंख्यापुढे मलमलीचे फडके बांधले. धूळ थांबली, पण वाराही थांबला. ताप पाच अंशांनी चढला. शेवटी फाटक्या मच्छरदाणीचा तुकडा ताणून बसवला, तेव्हा जमले. दर रविवारी तो धुऊन वाळत घालणे हे माझे व्रत झाले.

१९५६ साली अमेरिकेत आयबीएम कंपनीने जगातली पहिली हार्ड डिस्क आणली, तिच्यात दोन फूट रुंदीच्या पन्नास चकत्या होत्या. वजन सुमारे टनभर आणि साठवण पन्नास लाख अक्षरांची. सीडीच्या दर्जाने मुद्रित केलेले आईचे गाणे तिच्यात अर्धे मिनिटही मावले नसते. आज ते सारे ज्वारीच्या कोठारासारखे भरूनही जागा उरते, आणि ही डिस्क पुस्तकाएवढी. अशा वस्तूला उन्हाळा बाधू नये म्हणून इलॅस्टिक, पुठ्ठा, मच्छरदाणी आणि शहाऐंशी वर्षांच्या बाईचा सल्ला लागावा, याची मला गंमत वाटे. आई गात राहिली. मी आकडा पाहत राहिलो. वैशाख गेला, ज्येष्ठ गेला, पाऊस पडला. आकडा सदतीसवर उतरला तेव्हा मी जिंकल्यासारखा पेढे आणायला निघालो होतो.

श्रावणात, कानबाईच्या आदल्या दिवशी, गाणी असलेली डिस्क मेली.

टक्, टक्, टक्, असा तीनचार वेळा आवाज झाला. भिंतीवरच्या पालीसारखा. मग काही नाही. शेवटचा आकडा सदतीस. वर्षभरात ती इतकी गार कधीच नव्हती.

भाच्याला सांगितले तेव्हा तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "मामा, गूगलच्या लोकांनी २००७ साली त्यांच्या लाखाहून अधिक डिस्कांचा हिशेब मांडला होता. ताप आणि मरण यांचा संबंध त्यांना वाटला होता तितका सापडला नाही. गार डिस्काही मेल्या. उलट फार गार असलेल्या जास्तच. तापाने बाधल्या त्या मुख्यतः तीन-चार वर्षे वापरलेल्या आणि फार तापलेल्या." मग त्याने विचारले, "दुसरी प्रत आहे ना?"

दुसरी प्रत होती. पण त्यात माझे कर्तृत्व काही नव्हते. आखाजीला माझी बहीण नंदुरबारहून माहेरी आली होती. जाताना म्हणाली, "दादा, आईची गाणी मलाही दे. आमच्याकडे मुलींना ऐकवीन." मी तिला सारी उतरवून दिली होती. आखाजीपर्यंतची साठ गाणी तिच्या घरी सुखरूप होती. आखाजी ते श्रावण या काळातली सात मात्र गेली. ज्या तीन महिन्यांत मी तापाचा आकडा दिवसातून दहादा पाहिला, नेमकी त्याच महिन्यांतली.

मी आईपुढे मान खाली घालून बसलो. ती रागावली नाही. तिने ती गाणी पुन्हा म्हटली. पाच आठवली. सहावे अर्ध्यावर अडले. पुढची ओळ तिच्या ओठांपर्यंत येई आणि परत जाई. सातवे कोणते होते, हेच तिला आठवेना. मलाही आठवेना, गाणे चालले असताना मी बहुतेक आकड्याकडे पाहत होतो.

त्या रात्री ती म्हणाली, की तिची सासू ज्वारीचे बियाणे राखेत घोळून दोन मडक्यांत भरी. एक मडके आपल्या घरात आणि दुसरे भावाच्या गावी. आपल्या मडक्याला कीड लागू नये म्हणून ती लिंबाचा पाला घाली, तोंड शेणामातीने लिंपी, सारे करी. पण दुसरे मडके दर वर्षी न चुकता पाठवी. पाला घालायचा तो घालायचाच. भरवसा मात्र दुसऱ्या मडक्यावर.

आता आईची गाणी तीन ठिकाणी आहेत: माझ्याकडे, बहिणीकडे नंदुरबारला आणि भाच्याकडे पुण्याला. नव्या डिस्कलाही मी इलॅस्टिकवर निजवले आहे, पंखा हळू फिरतो, मच्छरदाणी रविवारी धुतो. पाला घालणे मी सोडलेले नाही. पण नवे गाणे झाले, की आई पदर सावरून आधी विचारते, "ताईकडे धाडलं का?" मी हो म्हणेपर्यंत ती दुसरे सुरू करीत नाही. आणि ती गात असताना मी पडद्याकडे पाठ करून बसतो.

गेल्या जानेवारीत एका पहाटे मी ओट्यावर आलो. आमच्याकडे उन्हाळा जसा कडक, तशी थंडीही बोचरी. शेजारी भाऊ शाल पांघरून उभे होते. त्यांनी दुरून विचारले, "सर, आज किती?"

मी नुकतीच पुण्याची प्रत पोचल्याची खात्री करून आलो होतो. आनंदाने म्हणालो, "तीन!"

भाऊ लगबगीने आत गेले आणि मफलर गुंडाळूनच बाहेर आले.